साठीनंतरची सायकल : किती लांब, किती वेळा?

साठी ओलांडलेला माणूस सायकलवर दिसला की लोक कौतुकानं एकच प्रश्न विचारतात, "काका, एका दमात किती किलोमीटर मारता?" आठवड्यातून किती वेळा सायकल बाहेर काढता, हे कुणी विचारत नाही. त्या पहिल्या प्रश्नाच्या नादात बरेच जण रविवारी साठ-सत्तर किलोमीटर करतात, सोमवार-मंगळवार गुडघ्याला मलम चोळतात आणि पुढच्या रविवारपर्यंत सायकलकडे फिरकत नाहीत. दोन-तीन महिन्यांत सायकल जिन्याखाली जाते. एक दिवसाआड तीस-चाळीस मिनिटं फिरणारे काका-काकू मात्र वर्षानुवर्षं त्याच रस्त्यावर भेटत राहतात. माझं म्हणणं सरळ आहे. या वयात आधी फेऱ्यांची संख्या बसवावी आणि लांबी त्यातून हळूहळू वाढू द्यावी.

आधी संख्या का?

व्यायामाचा परिणाम शरीरात काही काळ टिकतो आणि मग ओसरतो. सायकल चालवल्यावर स्नायू रक्तातली साखर अधिक सहज उचलतात. हा गुण साधारण एक ते तीन दिवस राहतो. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशन मधुमेहींना सांगते की व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा पडू देऊ नका. रविवारी केलेल्या मोठ्या फेरीचा हा फायदा बुधवारपर्यंत संपलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील लोकांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम सांगितला आहे. तीस मिनिटांच्या पाच फेऱ्या किंवा पन्नास मिनिटांच्या तीन फेऱ्या केल्या की खालची मर्यादा गाठली जाते. रविवारच्या एका तीन तासांच्या फेरीतही ती गाठली जाते, आणि फक्त शनिवार-रविवारी व्यायाम करणाऱ्यांच्या हृदयालाही चांगला फायदा होतो, असं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे अजून नोकरी-धंद्यात असलेल्यांनी मन खट्टू करून घ्यायचं कारण नाही. पण निवृत्त माणसाच्या हातात आठवड्यातल्या सगळ्या सकाळी असतात. त्या सोडून सगळा भार एकाच दिवसावर टाकणं सांध्यांना परवडत नाही. वय वाढतं तसा स्नायूंच्या डागडुजीला जास्त वेळ लागतो. पंचविशीत एका रात्रीत उतरणारा शिणवटा पासष्टीत दोन दिवस अंगात राहतो.

आणखी एक कारण आहे, त्याबद्दल फार बोललं जात नाही. सायकलवर चढणं, उतरणं, सिग्नलला पाय टेकणं, मान वळवून मागचं वाहन बघणं ही सगळी सरावाची कामं आहेत. नेदरलँड्समध्ये सत्तरी-ऐंशीतली माणसंही सर्रास सायकल चालवतात. तिथल्या अभ्यासांत असं आढळलं की ज्येष्ठ मंडळी अनेकदा चढता-उतरताना किंवा अगदी सावकाश चालवताना पडतात. हमरस्त्यावर दोन तास सरळ जाण्यात या हालचालींचा सराव फारसा होत नाही. भाजीबाजार, वाचनालय, मुलीचं घर अशा छोट्या छोट्या फेऱ्यांत तो आपोआप होतो.

रॉबेर मार्शाँ यांची शिस्त

या विषयात फ्रान्सच्या रॉबेर मार्शाँ यांचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. जन्म १९११ चा. तरुणपणी पॅरिसच्या अग्निशमन दलात काम केलं, पुढे व्हेनेझुएला आणि कॅनडात मिळेल ती अंगमेहनतीची कामं केली. सायकलिंगकडे ते पुन्हा नेटानं वळले तेव्हा वयाची पासष्टी उलटून गेली होती. २०१२ मध्ये, शंभरी गाठल्यावर, त्यांनी बंदिस्त ट्रॅकवर एका तासात २४.२५ किलोमीटर अंतर कापलं. दोन वर्षांनी तेच अंतर २६.९२७ किलोमीटर झालं. म्हणजे १०२ व्या वर्षी ते १०० व्या वर्षापेक्षा जोरात सायकल चालवत होते! जानेवारी २०१७ मध्ये १०५ व्या वर्षी त्यांनी तासाभरात २२.५४७ किलोमीटर केले. २०२१ मध्ये १०९ व्या वर्षी ते गेले.

विक्रमांपेक्षा त्यांचा सराव पाहण्यासारखा आहे. वेरोनिक बिला या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्या १०१ ते १०३ या वयातल्या सरावाचा अभ्यास केला. या काळात ते वर्षाला सुमारे ५००० किलोमीटर सायकल चालवत. भागून पाहिलं तर आठवड्याला शंभरही पडत नाहीत. यातला ८० टक्के भाग अगदी हलक्या जोराचा होता आणि उरलेल्या २० टक्क्यांत अंगाला चांगला ताण दिलेला होता. एवढ्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ३१ मिलिलिटरवरून ३५ वर गेली. एरवी ही क्षमता तिशीनंतर दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी घटत जाते. शंभरीनंतर ती वाढते, असं कुणी गृहीत धरलं नव्हतं.

एका माणसावरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही. मार्शाँ उंचीनं लहान, अंगानं हलके आणि नशिबानं निरोगी होते. तरी त्यांच्या सरावातलं प्रमाण कुणालाही उचलता येईल. बहुतेक वेळ गप्पा मारता येतील अशा गतीनं चालवायचं आणि थोडाच वेळ, ठरवून, दम लागेल असं. आपल्याकडे बहुतेक जण नेमकं याच्या मधलं करतात. रोजच थोडी धाप लागेल इतक्या जोरानं निघतात, त्यामुळे हलका दिवस खरा हलका होत नाही आणि जोराच्या दिवशी पायांत जोर उरत नाही.

आठवडा कसा बांधावा

बऱ्याच वर्षांनी सायकल हातात घेणाऱ्यानं पहिला महिना पंधरा-वीस मिनिटांवर समाधान मानावं, तेही एक दिवसाआड आणि सपाट रस्त्यावर. हे इतकं थोडं वाटतं की लोक दुसऱ्याच आठवड्यात दुप्पट करतात. हृदय आणि फुप्फुसं पटकन तयार होतात. बैठक, मनगटं, मान आणि गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध मागून येतात, आणि दुखणं उद्भवतं ते त्यांचंच.

महिन्याभरानं आठवड्याला चार दिवस नीट बसले की एका फेरीची लांबी वाढवायला घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, फेऱ्यांची संख्या तरी किंवा लांबी तरी. चांगला रुळलेला आठवडा साधारण असा दिसतो : मंगळवारी आणि गुरुवारी पाऊण तास निवांत, शुक्रवारी अर्धा तास आणि त्यात दोन-दोन मिनिटांचे चार-पाच जोराचे टप्पे, रविवारी दीड ते दोन तासांची लांब फेरी. सोमवार विश्रांतीचा. लांब फेरी नेहमीच्या फेरीच्या साधारण अडीचपटीपलीकडे जाऊ नये, असं मी सांगेन. पाऊण तासाची सवय असलेल्यानं एकदम पाच तासांच्या सहलीला निघणं म्हणजे शरीराला कळवल्याशिवाय वेगळंच काम सांगणं. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा सगळंच निम्म्यावर आणावं. त्या आठवड्यात काही गमावत नाही, मागचा शिणवटा निघून जातो.

किलोमीटरऐवजी मिनिटं मोजावीत, हेही आवर्जून सांगतो. पुण्यात कोथरूडहून बाणेरकडे जाणारे दहा किलोमीटर आणि पणजीहून रायबंदरच्या सखल बांधावरून जुन्या गोव्याकडे जाणारे दहा किलोमीटर यांत चढाचा, वाहतुकीचा आणि हवेचा मोठा फरक आहे. किलोमीटर मोजणाऱ्याला चढाचा दिवस नापास झाल्यासारखा वाटतो. मिनिटं मोजणाऱ्याला दोन्ही दिवस सारखे.

जास्त झालं हे कसं ओळखावं

चालवताना बोलून पाहणं ही सर्वांत सोपी कसोटी. एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं तर गती मध्यम आहे. दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर जोर जास्त आहे. नाडीच्या आकड्यांमागे लागणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की २२० मधून वय वजा करण्याचं सूत्र अगदी ढोबळ आहे आणि ज्येष्ठांच्या बाबतीत ते बऱ्याचदा कमी आकडा दाखवतं. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करणं जरा जवळ जातं. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर दोन्ही सूत्रं निकामी, कारण ती गोळी नाडी फारशी वाढू देत नाही. अशांनी श्वासावर भरवसा ठेवावा.

पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते. जिना उतरताना मांड्या थोड्या जड वाटल्या तर हरकत नाही. झोप नीट लागली नाही, सकाळी पडल्यापडल्या मोजलेली नाडी रोजच्यापेक्षा चांगलीच वर गेली, चिडचिड होतेय, सायकलचं नावही नकोसं वाटतंय, यांतल्या दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या तर कालची फेरी लांब झाली असं समजावं आणि पुढची कापावी. 'पुन्हा कधी निघायचं?' असं सकाळी वाटलं तर माप बरोबर आहे. मी या खुणेला घड्याळातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त मानतो.

विश्रांतीच्या दिवशी खाण्याकडेही लक्ष हवं. वाढत्या वयात तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बांधला जातो, म्हणून प्रत्येक जेवणात थोडं जास्त लागतं. सकाळी नुसते पोहे आणि चहा घेऊन भागत नाही. सोबत मोडाची उसळ, अंडी, दही किंवा दूध, जे पचेल ते असावं.

लांब फेरीचा आनंद

वाचून असं वाटेल की मी लांब फेरीच्या विरोधात आहे. तसं मुळीच नाही. रोजच्या चाळीस मिनिटांत अंग चांगलं राहतं, पण गाव मागे पडणं, उसाच्या शेतांतून जाणारा रस्ता, गुऱ्हाळाचा वास, अनोळखी टपरीवरचा चहा हे सगळं दोन-तीन तासांच्या पुढे सुरू होतं. त्यासाठीच तर माणूस रोज पाय फिरवतो.

आणि शरीराला ते झेपतं. बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांची तपासणी केली. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. निवडीसाठी पुरुषांना १०० किलोमीटर साडेसहा तासांच्या आत आणि स्त्रियांना ६० किलोमीटर साडेपाच तासांच्या आत करता येणं आवश्यक होतं. या मंडळींचे स्नायू आणि ताकद वयानुसार घटलेली दिसली नाही. एरवी वयाबरोबर आक्रसत जाणारी थायमस ग्रंथी त्यांच्यात तरुणांइतक्याच रोगप्रतिकारक पेशी तयार करत होती. मात्र हे लोक आयुष्याचा मोठा भाग सायकल चालवत आलेले होते. साठाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्यानं त्यांच्याकडे आशेनं बघावं, बरोबरी करायला जाऊ नये.

लांब फेरी नीट पार पडते ती बारीक गोष्टींमुळे. पुण्याहून खडकवासल्याला जाऊन परत येणं, शहराच्या कुठल्या भागातून निघता त्यावर, ३०-४० किलोमीटरचं होतं. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून वाहतो आणि धरणही शहराच्या नैर्ऋत्येलाच आहे, म्हणजे जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर. थकलेल्या पायांना पाठीवरचा वारा मिळावा अशीच दिशा नेहमी निवडावी. उलटं झालं तर शेवटचे आठ किलोमीटर सगळ्या सकाळची चव घालवतात. धरणाच्या चौपाटीवर कणीस आणि कांदाभजीसाठी थांबावंच, फक्त पंधरा-वीस मिनिटांत उठावं, नाहीतर पाय आखडतात. तहानेची जाणीव वयाबरोबर बोथट होते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट घ्यावेत. तासाभरापेक्षा लांब फेरी असेल तर खिशात चिक्की, राजगिऱ्याचा लाडू किंवा केळं असू द्यावं आणि भूक लागण्याआधी खावं.

२०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते. महाराष्ट्रात साठीपुढचे कित्येक जण तीत उतरतात. वर्षातून एकदा-दोनदा असा मोठा दिवस जरूर ठेवावा. त्याआधीचे तीन-चार महिने आठवड्यातले चार दिवस चुकलेले नसले म्हणजे झालं. ते चुकले असतील तर यंदाचं नाव मागे घ्यावं.

गुडघे, सीट आणि चढणं-उतरणं

लांबी सोसत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांची अडचण लांबीत नसून सीटच्या उंचीत असते. दुकानातून सायकल आणताना माणूस सीटवर बसून दोन्ही पाय सपाट टेकतात का ते बघतो. सुरक्षित वाटतं. पण तेवढ्या खाली सीट असली की प्रत्येक फेऱ्याला गुडघा फार दुमडतो आणि वाटीच्या मागे दाब येतो. वाटीभोवतीचं दुखणं इथूनच सुरू होतं. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, पेडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवलात की गुडघ्यात हलका बाक राहतो, हीच योग्य उंची. पान्यानं बोल्ट सैल करून सीट एकदम वर न घेता दर आठवड्याला बोटाच्या अर्ध्या पेराएवढी वर घ्यावी. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायची सवय लावावी.

टांग मागून टाकणं कंबरेला जड जात असेल तर खालच्या दांडीची, ज्याला आपण लेडीज सायकल म्हणतो ती घ्यावी. पुरुषांनी यात संकोच करू नये. चढता-उतरताना पडण्याचा धोका तिनं कमी होतो आणि सायकल जास्त वेळा बाहेर निघते. हाताला मुंग्या येत असतील तर हँडल थोडं वर घ्यावं म्हणजे तळहातांवरचा भार कमी होतो. गिअर हलके वापरावेत. जड गिअरवर दाबत राहण्यापेक्षा पाय भराभर फिरवणं गुडघ्याला मानवतं.

बॅटरीच्या सायकलला कमी लेखू नये. भारतात २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या गाडीला नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही. पेडल मारल्यावरच मदत करणारा प्रकार घेतला तर व्यायाम चांगला होतो. नवरा-बायकोच्या वेगात फरक असतो तिथे तर हिच्यामुळे दोघं एकत्र निघू शकतात.

सायकलमुळे जे मिळत नाही

सायकलवर शरीराचं वजन सीट पेलते. गुडघ्यांना आराम मिळतो, पण हाडांवर हवा तेवढा भार पडत नाही. वर्षानुवर्षं नुसती सायकल चालवणाऱ्यांची हाडं ठिसूळ झाल्याचं बऱ्याचदा दिसतं. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. जागतिक आरोग्य संघटनेनं ६५ नंतर आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणं-बसणं, जिने चढणं, ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहणं, यांतून सुरुवात होते. आठवड्यात सहाही दिवस सायकल मारण्यापेक्षा चार दिवस सायकल आणि दोन दिवस हे करणं मला शहाणपणाचं वाटतं.

औषधं आणि तपासण्या

हृदयविकार, मधुमेह किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर लांब फेरीत आणि त्यानंतर काही तासांनीही साखर एकदम उतरू शकते. खिशात ग्लुकोजची पुडी हवीच, आणि सोबत्याला हे माहीत हवं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना डोक्याला मार लागला तर जखम दिसत नसली तरी तडक रुग्णालय गाठावं. हेल्मेट सगळ्यांनीच घालावं.

पुरुषांसाठी एक बारीक सूचना : पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करायची असेल तर आधीचे दोन दिवस सायकल चालवू नये, आकडा उगाच वाढलेला येऊ शकतो. छातीत दाब, डाव्या हातात कळ, अचानक घाम किंवा ठोके अनियमित पडल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबावं, घरापर्यंत चालवत जायचा विचारही करू नये.

खाडा पडला तर

आपल्याकडे खाडे ठरलेले असतात. एप्रिल-मेमध्ये साडेआठनंतर ऊन सोसवत नाही, तेव्हा फेऱ्या छोट्या करून उजाडताच निघावं. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टात कित्येक दिवस बाहेर पडता येत नाही. शेवाळलेल्या रस्त्यावर आणि पाण्यानं भरलेल्या खड्ड्यांत या वयात धाडस करू नये. घरातल्या घरात मागचं चाक स्टँडवर चढवून वीस मिनिटं पाय फिरवले, तरी आठवड्यातल्या फेऱ्यांची संख्या टिकते. तीही सोय नसेल तर चालणं चालू ठेवावं. दोन-तीन आठवडे पूर्ण बंद झालं की दमसास उतरू लागतो, पण पूर्वी कमावलेला परतही लवकर येतो.

दसऱ्याला सायकल पुसून झेंडूची माळ घातली की बहुतेकांना त्याच आठवड्यात लांब फेरी काढायची घाई होते. आधी साखळीला तेल, ब्रेकचे गट्टू आणि टायरची हवा बघावी. मग पहिला आठवडा पावसाआधीच्या निम्म्या मिनिटांचा, दुसरा पाऊणपट. तिसऱ्या आठवड्यात नेहमीचे चारही दिवस पुरे झाले तर त्या रविवारी खडकवासला.